शीळफाट्यावरून दिसणारा मे महिना

या उन्हाळ्यातलं पहिलं नवं गाणं मी खिडकीतून ऐकलं. शीळफाट्यावरून कल्याणच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच संकुलं लागतात आणि त्यांच्या मधल्या जागेत जुनी आगरी गावं. त्यातल्याच एका गावात हळद होती. मांडवातून आवाज येऊ लागला आणि खालच्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी गॅलरीतून मान वर करून म्हणाली, “काका, हे आत्ताच आलंय. परवा यूट्यूबवर पडलं.” तिच्या आवाजात जो आनंद होता, तो नव्या कादंबरीविषयी बोलताना मी फार दिवसांत कुणाच्या आवाजात ऐकलेला नाही.

उन्हाळ्यात नवं काय येणार याच्या याद्या दर वर्षी छापून येतात. चित्रपट, मालिका, पुस्तकं, गाणी. त्या मी आवडीने वाचतो. पण वाचताना मनात राहतं ते असं, की या रस्त्यावर राहणारी मराठी माणसं आणि सुट्टी लागलेली त्यांची मुलं खरोखर कशाची वाट पाहतात, आणि जे येतं त्यातलं त्यांच्या दारापर्यंत किती पोहोचतं? हे तपासायला शीळफाट्यासारखी जागा नाही. इथून एक रस्ता मुंब्र्यावरून ठाण्याला जातो, एक डोंबिवली-कल्याणला, एक महापेवरून नवी मुंबईत आणि एक पनवेलला. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई या तिन्ही महापालिकांच्या बस फाट्यावरून जातात. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा इथेच जमिनीवर येणार आहे. नाटक बघायचं असेल तर मात्र अजून यातली एखादी बस धरावी लागते.

मुळात उन्हाळी हंगाम म्हणून जो गाजतो तो आपला नाही. अमेरिकेत २० जून १९७५ रोजी स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘जॉज’ एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर लागला आणि मोठा चित्रपट उन्हाळ्यात आणायचा रिवाज तिथे रुजला. त्यांच्या शाळा जूनमध्ये सुटतात, आपल्या तेव्हा भरतात. यंदाचंच पाहा. ‘टॉय स्टोरी ५’ची जाहीर झालेली तारीख १९ जून. म्हणजे आपल्याकडे नव्या वह्यांना कव्हरं घालायच्या आठवड्यात तो लागणार. क्रिस्टोफर नोलनचा ‘द ओडिसी’ १७ जुलैला, भर पावसात. आपल्या मुलांच्या हातात खरा मोकळा वेळ असतो तो जेमतेम सहा आठवड्यांचा, मे महिना आणि साधारण अर्धा जून. गेल्या वर्षी तर पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. त्या सहा आठवड्यांसाठी मराठीत काय तयार होतं, एवढंच मला पाहायचं आहे.

पुस्तकांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांत मोठं रितेपण तिथेच आहे. मराठी वाचकाचा हंगाम दिवाळीचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवायची आपल्याला सवय लागली. त्यानंतर साहित्य संमेलन येतं. यंदाचं ९९ वं संमेलन विश्वास पाटील यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यात झालं. मग २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. प्रकाशनं, सवलती, ग्रंथप्रदर्शनं, लेखकांच्या मुलाखती हे सगळं ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत आटोपतं. २०२२ मध्ये उदगीरचं संमेलन एप्रिलच्या उन्हात भरलं होतं, पण तो अपवाद. मार्चपासून पुस्तकांचं जग निजल्यासारखं होतं आणि नेमकं तेव्हाच लाखो मुलं घरी बसलेली असतात. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुढचे सगळे सण लांबले आहेत. लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. दिवाळी अंकाची वाट पाहणाऱ्याला यंदा नेहमीपेक्षा लांब चालायचं आहे.

आपल्याकडे मुलांसाठी चांगलं लिहिलं जात नाही, असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची गेल्या काही वर्षांची मराठी नावंच घ्या. २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांचं ‘छंद देई आनंद’, २०२४ मध्ये भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’, २०२५ मध्ये सुरेश सावंत यांचा ‘आभाळमाया’ हा कवितासंग्रह. माधुरी पुरंदरे यांना हा पुरस्कार २०१४ मध्येच मिळाला. त्यांची पुस्तकं हाती पडली की मूल वाचायला लागतं, हे मी घरात आणि शेजारात पाहिलं आहे. सासण्यांच्या पुस्तकाचं नाव नुसतं सांगितलं तरी दहा वर्षांचा मुलगा “भूतबंगला कुठाय?” असं विचारतो. पण आमच्या संकुलातल्या किती घरांत ही पुस्तकं आहेत? मी विचारून पाहिलं. बहुतेकांनी नावंही ऐकली नव्हती आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्या रस्त्यावर फर्निचरची, टाइल्सची, मोबाइलची दुकानं ओळीने आहेत, तिथे मराठी पुस्तकाचं दुकान दिसत नाही. मग नाव कानावर पडणार कुठून?

खरं तर या परिसराची वाचनाची परंपरा मोठी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी आहे, जिने वाचलेली पुस्तकं आणून दुसरी घेऊन जायचा आदान-प्रदानाचा सोहळा गावाच्या अंगवळणी पाडला. २०१० चं ठाण्याचं आणि २०१७ चं डोंबिवलीचं संमेलन याच भागात झालं. म्हणजे फाट्यापासून ज्या दिशेला निघावं तिथे पुस्तकांचं एक जुनं घर आहे. पण ती सगळी घरं रेल्वे स्टेशनांच्या भोवती उभी राहिली, कारण वस्ती तेव्हा स्टेशनाभोवतीच होती. गेल्या पंधरा-वीस वर्षांत वस्ती स्टेशन सोडून कल्याण-शीळ रस्त्याकडे सरकली. वाचनालयं तिच्यामागून आली नाहीत. आठ वर्षांच्या मुलीला या रस्त्यावरून, या गर्दीतून डोंबिवलीला नेऊन पुस्तक बदलून आणायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ जाते. आई-बाप दोघं नोकरीला असतील तर ती संध्याकाळ सापडतच नाही.

महाबळेश्वरजवळच्या भिलारचं उदाहरण मला म्हणून महत्त्वाचं वाटतं. तिथे ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव सुरू झालं. तारीख भर सुट्टीतली निवडली. मोठी इमारत बांधली नाही. गावातल्या पंचवीसेक ठिकाणी, घरांत, शाळेत, देवळात कपाटं ठेवली आणि सुरुवातीला पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं दिली. वाचकाला पुस्तकापर्यंत आणण्याऐवजी पुस्तकच ओसरीवर नेऊन ठेवलं. स्ट्रॉबेरीच्या गावात जे जमलं ते संकुलाच्या क्लबहाउसमध्ये का जमू नये? तोवर ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांना एक सांगतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. मुलांच्या चार पिढ्यांना पुरेल एवढा ऐवज तिथे पडून आहे.

सिनेमाचं चित्र वेगळं आहे. मराठी माणसाच्या चित्रपटाचा जन्मच उन्हाळ्यातला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लागला. शंभर वर्षांनी मराठी चित्रपटाला पुन्हा मे महिन्याची गोडी लागली आणि त्याचं मुख्य कारण ‘सैराट’. नागराज मंजुळे यांचा तो चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला, शंभर कोटींच्या पुढे गेला आणि अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेलं संगीत त्या उन्हाळ्यात एकाही लग्नात वाजल्याशिवाय राहिलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र दिनाचा आठवडा निर्मात्यांनी जणू राखून ठेवला. ‘चंद्रमुखी’ एप्रिल २०२२ च्या अखेरीस, ‘महाराष्ट्र शाहीर’ पुढच्या एप्रिलच्या अखेरीस, ‘नाच गं घुमा’ १ मे २०२४ ला. १३ मे २०२२ चा ‘धर्मवीर’ तर ठाण्याचाच, आनंद दिघे यांच्यावरचा. आमच्या रस्त्यावर त्याची फलकबाजी कित्येक आठवडे आधीपासून होती.

यंदा १ मे शुक्रवारी येतो. महाराष्ट्र दिन, बुद्धपौर्णिमा आणि नव्या चित्रपटाचा वार एकाच दिवशी. त्याच दिवसासाठी रितेश देशमुख यांच्या ‘राजा शिवाजी’ची घोषणा गेल्या वर्षीच झाली. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्यांचीच, संगीत अजय-अतुल यांचं, छायाचित्रण संतोष सिवन यांचं. मराठीत एवढ्या मोठ्या जुळणीचा चित्रपट क्वचित होतो. सिवन यांच्या कॅमेऱ्यातून सह्याद्री कसा दिसेल याची मला फार उत्सुकता आहे. आमच्याकडच्या मुलांनी तर दिवस मोजायला सुरुवात केली आहे.

तरीही या मे महिन्याच्या गर्दीबद्दल एक तक्रार मांडायलाच हवी. गेल्या वर्षी १ मे रोजी दोन चांगले मराठी चित्रपट एकमेकांसमोर आले. हास्यजत्रेच्या मंडळींचा ‘गुलकंद’ आणि शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय’. दुसरा मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांनी रात्रशाळेत बसून दहावी पास होण्याची खरी गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात पाहिलेल्या चित्रपटांत तो मला सर्वांत जवळचा वाटला, कारण तशी माणसं पहाटे आमच्या फाट्यावरून कामाला निघताना दिसतात. दोन्ही चित्रपटांचा प्रेक्षक एकच होता, खिसाही एकच. चार जणांच्या कुटुंबाला मल्टिप्लेक्समध्ये एका महिन्यात दोनदा जाणं झेपत नाही. आयपीएलमुळे संध्याकाळचा प्रेक्षक आधीच घरी थांबलेला असतो. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ द्यायचा नियम केला, तो योग्यच होता. पण आपणच आपले चित्रपट एकाच दिवशी आणून एकमेकांच्या खुर्च्या घ्यायच्या, यावर कुठला नियम उपाय करणार? वर्षात बावन्न शुक्रवार असतात.

याहून जास्त लागतं ते मुलांच्या चित्रपटांचं. गेल्या बारा-तेरा वर्षांत मराठीत मुलांवरचे सुंदर चित्रपट झाले. ‘एलिझाबेथ एकादशी’ नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, ‘फास्टर फेणे’ ऑक्टोबर २०१७ मध्ये, ‘नाळ’ नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि ‘नाळ’चा दुसरा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये. ‘किल्ला’ आला तो २६ जून २०१५ ला, शाळा भरून दहा दिवस झाल्यावर. भर सुट्टीत आलेला असा एकच चटकन आठवतो, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ या चित्रमालिकेवरचा, १८ मे २०१२ चा. त्याचा दुसरा भागही पुढच्या एप्रिलमध्ये आला होता. आमची मुलं तेव्हा लहान होती आणि दोन्ही वेळा आम्ही त्यांना घेऊन गेलो होतो. थिएटर मुलांनी भरलं होतं आणि पडद्यावर सतीश किंवा बगळ्या दिसला की अख्खी रांग ओरडत होती. त्यानंतर ती वाट कुणी मळली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिनेमाने मुलांची सुट्टी सोडून दिली, ती रंगभूमीने सांभाळली. मराठी बालनाट्य हे मे महिन्याचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत प्रामाणिक देणं आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं आणि ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. लेखक होते रत्नाकर मतकरी. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली आणि पत्नी प्रतिभाताईंच्या साथीने ती कित्येक वर्षं खिशाला खार लावून चालवली. मुलांच्या नाटकात मुलांना कमी समजायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच ‘अलबत्त्या गलबत्त्या’मध्ये चेटकिणीचं काम एकेकाळी दिलीप प्रभावळकरांनी गाजवलं. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांनी ते पुन्हा बसवलं, वैभव मांगले चेटकीण झाले, आणि ज्या आजोबांनी पहिला प्रयोग पाहिला होता ते नातवाला घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. २०२४ च्या सुट्टीत क्षितिज पटवर्धन यांचं ‘आज्जीबाई जोरात’ आलं, निर्मिती सावंत यांच्यासह, कृत्रिम बुद्धिमत्तेचा आजचा विषय घेऊन. म्हणजे जुन्या परीकथांपाशीच बालनाट्य अडकून पडलं, हा आरोप आता करता येणार नाही.

मला या दोन्ही प्रकारांची गरज वाटते. राक्षस आणि चेटकीण मुलांना अंधारात घाबरायला आणि मग हसायला शिकवतात, त्याची जागा मोबाइलचा विषय घेणार नाही. तसंच मोबाइल हातात असलेल्या मुलाला आपलं घर रंगमंचावर दिसायलाही हवं. अडचण अंतराची आहे. डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, ठाण्याची गडकरी रंगायतन आणि काशिनाथ घाणेकर ही दोन नाट्यगृहं, वाशीचं विष्णुदास भावे. फाट्यावरून ही पाचही थोड्याफार अंतरावर आहेत, पण सकाळच्या खेळाला पोहोचायचं तर घरातून केव्हा निघायचं हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. एकदा आम्ही निम्म्या रस्त्यातच अडकलो आणि पहिला अंक संपत आला तेव्हा आत शिरलो. शेजारच्या मुलीने मध्यंतरात मला विचारलं, “काका, राजकन्या कशी हरवली ते परत दाखवतील का?” मेट्रो १२ चं काम या रस्त्यावर चालू आहे. ती धावू लागली की कल्याण तरी हाताशी येईल.

यंदा एक चांगली गोष्ट घडली आहे. १९७८ मध्ये उघडलेलं गडकरी रंगायतन बरेच महिने दुरुस्तीसाठी बंद होतं, ते गेल्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालं. नूतनीकरणानंतरचा हा त्याचा पहिला उन्हाळा. गेल्या मे महिन्यात ठाणेकर मुलांना ते मिळालं नव्हतं.

मालिका आणि ओटीटीबद्दल फार लांबण लावत नाही. दूरदर्शनवर ‘गोट्या’ लागायची तेव्हा सुट्टीत एका घरात वाड्यातली सगळी मुलं जमत. आता प्रत्येक जण आपल्या पडद्यावर आपल्या वेळेला पाहतो, त्यामुळे हंगाम नावाची गोष्टच विरघळली आहे. तरी गेल्या ३० मे रोजी झी फाइव्हवर ‘अंधार माया’ ही मराठी भयमालिका आली तेव्हा आमच्याकडच्या कॉलेजच्या मुलांनी ती रात्री गच्चीवर लॅपटॉप लावून एकत्र पाहिली होती. कोकणातला वाडा, किशोर कदमांचा आवाज आणि वर उकाडा. भुताची गोष्ट सुट्टीत, गच्चीवर, घोळक्याने ऐकायची असते हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आणि आता गाणी. या रस्त्यावरचा खरा उन्हाळी हंगाम गाण्यांचा आहे आणि याद्या करणारे नेमके तिथेच डोळे मिटतात. गुढीपाडव्याला डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा निघते. १९९९ मध्ये तिथेच ती सुरू झाली आणि नंतर महाराष्ट्रभर गेली. ढोल-ताशांची नवी पथकं तेव्हा कानावर येतात. लगेच चैत्र सप्तमीला कार्ल्याच्या एकवीरा आईची पालखी. आगरी-कोळी भाविक गाड्या भरभरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघतात आणि दर वर्षी आईची नवी गाणी त्यांच्यासोबत असतात. मग १४ एप्रिलची आंबेडकर जयंती. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून जी भीमगीतांची वाट घातली तिच्यावर आजही नवे गायक दर जयंतीला नवं गाणं घेऊन येतात. कल्याण-उल्हासनगरच्या वस्त्यांत ते आठवडाभर आधीपासून वाजू लागतं. त्यानंतर लग्नसराई. हळदीचं गाणं गाजलं की गायकाला त्या मोसमात रात्रीची झोप नसते. यंदा १७ मे रोजी अधिक महिना लागतो, १५ जूनपर्यंत लग्नाच्या तिथी नाहीत. त्यामुळे एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा यातच सगळ्या हळदी दाटीवाटीने बसल्या आहेत आणि नवी गाणीही लवकर आली आहेत.

या गाण्यांना कुणी समीक्षक नाही, पुरस्कार नाही. पण मराठी गाण्याचा मोठा श्रोता आता इथेच घडतो. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ च्या फेब्रुवारीत कुठल्याही चित्रपटाच्या आधाराशिवाय आलं आणि उन्हाळाभर देशभर वाजलं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने ‘शेकी’ आणलं. लग्नसराईच्या तोंडावर गाणं आणायचं हे गणित आगरी गायकांना त्याआधी कितीतरी वर्षं ठाऊक होतं. सगळीच गाणी चांगली असतात असं मी म्हणत नाही. बरीचशी एकाच ठेक्यावर, एकाच साच्यातली असतात, आणि डीजेच्या भिंतीत शब्द हरवतात. पण त्यातही शीळ, दिवा, देसई, काटई अशी आपल्या गावांची नावं ऐकू आली की उभं राहायला होतं. छापील मराठीत ही गावं वाहतूक कोंडीच्या बातमीशिवाय येत नाहीत.

त्याच मांडवात दुसरं एक गाणं असतं, ज्याची कुणी वाट पाहत नाही. धवला. आगरी लग्नात धवलारीण बसते आणि हळदीपासून मांडवापर्यंतचे विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतात. तिच्यासमोर वही नसते, सगळं तोंडपाठ. बाहेर डीजे लावायच्या आधी, उजेड असताना, ती आणि तिच्या सोबतच्या बायका गातात. गेल्या वर्षी एका लग्नात मी मुद्दाम लवकर जाऊन बसलो. तिचा आवाज बारीक होता, पण घरातली सगळी कामं त्या आवाजाच्या तालावर चालली होती. शेजारी बसलेल्या तिच्या सुनेला मी विचारलं, “वहिनी, तुम्हाला येतो का धवला?” ती म्हणाली, “आत्याबाईंच्या मागून म्हणते. एकटीला नाही येणार.” येत्या पाच-दहा उन्हाळ्यांत त्या आत्याबाईंचं गाणं कुणीतरी पूर्ण ध्वनिमुद्रित करून, लिहून घेऊन प्रसिद्ध केलं, तर उन्हाळ्यातल्या नव्या संगीताच्या यादीत मी ते सगळ्यांत वर ठेवीन. यूट्यूबवर हळदीचं गाणं चढवणाऱ्या मुलांकडे कॅमेरे आहेत, माइक आहेत, आणि त्यांच्याच घरात ही आजी आहे.

खालच्या मजल्यावरच्या त्या मुलीला मी हे बोललो. तिची मैत्रीण त्याच गावातली आहे. दोघी पुढच्या हळदीला दुपारीच जाणार आहेत, मोबाइल पूर्ण चार्ज करून.

आणि ३ मे रोजी, सुट्टीतल्या पहिल्या रविवारी, संकुलातली अकरा मुलं घेऊन आम्ही ठाण्याला नाटकाला जायचं ठरवलं आहे. कोणतं नाटक लागणार ते अजून जाहिरातीत आलेलं नाही. मुलं रोज विचारतात. गाडी मात्र सांगून ठेवली आहे आणि निघायची वेळ सकाळी सातची धरली आहे, म्हणजे या वेळी राजकन्या हरवायच्या आत आम्ही खुर्चीवर असू.